नानांचं भिजत घोंगडं

वाद्यांच्या दुकानात एक जण आपल्या आधीच येऊन बसलेला असतो. विकणारा नसतो आणि घेणाराही नसतो. आपण गिटारला नुसता हात लावला की "गळा बघून घ्या, वाकलेला असतो" असं दुकानदाराच्या देखत सांगतो. तुमच्या वाट्याला असा कॅमेरावाला आला असेल, सायकलवाला आला असेल. आमच्या वाट्याला सोप्रानो सॅक्सोफोनवाले नाना आले.

नाना सोप्रानो घेणार आहेत. ही बातमी आमच्या सोसायटीत लिफ्ट बसायच्या आधीची. पुढे लिफ्ट बसली, बिघडली, बदलून नवी आली. नाना अजून घेणारच आहेत. पण त्यांची तयारी मात्र कडेकोट आहे. सॅक्सोफोनच्या माउथपीसला बोरूच्या जातीच्या नळाची पातळ पट्टी बांधतात, तिला रीड म्हणतात. वाजवण्याआधी ती ओली करावी लागते. बाकीचे वादक ती दोन-चार मिनिटं तोंडात धरतात. नाना सकाळी दात घासले की रीड गालात ठेवतात, ती जेवणं सोडली तर रात्री झोपतानाच काढतात. "कुठे वाजवायला मिळालं आणि रीड कोरडी निघाली तर?" हा त्यांचा बिनतोड सवाल. या पट्टीपायी त्यांच्या बोलण्यातल्या प्रत्येक 'स'चा 'थ' झाला आहे. "थोप्रानोची घाई करू नये. थ्वथ्तात मथ्त काही मिळत नथतं," असं ते गंभीरपणे सांगतात आणि ऐकणारा रुमाल तोंडावर धरतो.

एकदा लोकलमध्ये हवालदाराने गुटखा समजून त्यांना तोंड उघडायला लावलं. नानांनी रीड काढून दाखवली, परत गालात ठेवली आणि हा नळ दक्षिण फ्रान्समध्ये कसा पिकतो, कापल्यावर कसा वाळवतात, दोन नंबरची रीड कोणाला आणि अडीचची कोणाला, हे कुर्ल्यापासून सांगायला घेतलं. हवालदार दादरला उतरला. त्याला भायखळ्याला जायचं होतं.

लग्नाच्या पंगतीत ते जेवणापुरती रीड काढून पानात मिठाशेजारी ठेवतात. एका लग्नात शेजारच्या आजींनी ती मसालेभातातली दालचिनी समजून "अहो, दाताखाली येईल" म्हणत उचलून टाकली. मंगलाष्टकांना मागे उभे राहणारे नाना त्या दिवशी रीड शोधायला उष्ट्या पत्रावळींत सर्वांच्या पुढे होते.

धोबी तलावाजवळच्या दुकानांतून त्यांना सगळे ओळखतात, म्हणजे टाळतात. एखादा मुलगा येतो आणि "केनी जी वाजवतो तो सरळवाला दाखवा" म्हणतो. त्याच्या १९८६ च्या 'साँगबर्ड'पासून ही मागणी अशीच येते. नाना लगेच पुढे सरकतात. "कोल्ट्रेन ऐक. १९६० थाली त्याने 'माय फेव्हरिट थिंग्ज' याच थोप्रानोवर वाजवलं." जगातलं हे एक शीर्षक त्यांच्या तोंडून जसंच्या तसं बाहेर पडतं. मुलगा ऐकतो, मान डोलावतो आणि युकुलेली घेऊन जातो. दुकानदार नानांकडे बघतो. त्या बघण्याचं वर्णन करणं सभ्यपणाचं नाही.

कॉलेजात अल्टो सॅक्सोफोन वाजवणाऱ्या माझ्या पुतणीला सोप्रानो घ्यावासा वाटला. तिच्याकडे पन्नास हजार होते. नानांना कळू द्यायचं नाही असं घरात ठरलं होतं; संध्याकाळी नाना दारात, गालात रीड.

पुढचे काही महिने आमच्या बैठकीत दुसरा विषय नव्हता. नवा यामाहा ४७५ विद्यार्थ्यांनाही चालेल असा म्हणतात, पण किंमत लाखांत. "विद्यार्थी जपानचे थमजायचे," नाना म्हणाले. ऑनलाइन मिळणारा चकचकीत, पेटी-पट्ट्यासकट आणि फारच स्वस्त. त्यावर नानांनी तासभर घेतला. तैवानमधलं हौली म्हणजे सॅक्सोफोनचंच गाव. तिथल्या आणि चीनमधल्या कारखान्यांतून एकच वाद्य अनेक नावं कोरून बाहेर पडतं. म्हणून नाव वाचायचं नाही, 'की', म्हणजे बोटाखालचा खटका, दाबून बघायची. धातू मऊ असला तर की वाकते, की वाकली की छिद्र झाकणारं पॅड बसत नाही, आणि सुटा भाग मिळत नाही. तेव्हा दुकानदाराच्या आधी दुरुस्ती करणाऱ्याला विचारावं, तू कशाला हात लावशील? एक सरळ आणि एक वाकडी अशा दोन सुट्या माना फुकट मिळतात म्हणून भुलू नये; जोडातून हवा गळू शकते, एकसंध नळीला ती भानगड नाही. जुना अमेरिकन सोप्रानो मिळाला तर अंगावरचा ठसा बघावा. 'हाय पिच' असेल तर तो कपाटात शोभेल, आजच्या ४४० हर्ट्झच्या सुराशी त्याचं जमायचं नाही. आणि काही झालं तरी चांगल्या माउथपीसचे पैसे आधी बाजूला काढावेत.

पुतणी वैतागली. मीही. कारण यातलं खोडून काढता येईल असं काहीच नव्हतं.

शेवटी वांद्र्याला एका निवृत्त गोवेकर वादकाकडे जुना यामाहा असल्याचा पत्ता नानांनीच काढला. तिथे पोचताच त्यांनी पिशवीतून दिवाळीची दिव्यांची बारीक माळ काढली आणि अंधारी खोली मागितली. अंधारी अशी एक मोरीच होती. म्हणून मी, पुतणी, नाना, घरमालक आणि त्यांचा कुत्रा असे आम्ही मोरीत उभे. माळ नळीत सोडली, एकेक पॅड दाबलं. जिथून उजेड येतो, तिथून हवा जाते. खालची दोन पॅडं गळत होती आणि 'जी शार्प'ची की चिकटत होती. नानांनी पॅडांचा खर्च किमतीतून वळता करून घेतला. घरमालकांनीही कुरकुर केली नाही.

मग त्यांनी पुतणीच्या मोबाइलवर तानपुरा लावायला सांगितला. "काळी पाच लाव. थोप्रानोचा थी तिथेच बोलतो." गालातली रीड काढून माउथपीसला बांधली आणि ते वाजवू लागले. सोप्रानोची नळी आखूड, ओठ जरा आवळले तरी सूर वर चढतो. म्हणूनच शिकणाऱ्याला आधी अल्टो देतात. नानांचा सूर तळापासून वरपर्यंत तानपुऱ्याला धरून होता. घाई नव्हती. त्यांनी वाद्य पुतणीच्या हातात दिलं.

"सुरात आहे. घे हा." रीड तोंडात नसल्यामुळे 'स' स्वच्छ आला.

घरमालकांनी विचारलं, "कुठल्या बँडात होता?"

"लग्नाच्या," नाना म्हणाले. "क्लॅरिनेट. तोही बँडमालकाचा."

परत आल्यावर नानांच्या बायकोने, काकूंनी, चहा ओतता ओतता सांगितलं, सोप्रानोचे पैसे दोनदा साठले होते. एकदा मुलीच्या फीला गेले, एकदा गच्ची गळायला लागली तेव्हा गेले. "परवडत नाही म्हणण्यापेक्षा 'बघतोय' म्हटलेलं चारचौघांत बरं दिसतं हो," असं म्हणून त्यांनी नानांची बशी भरली. सोसायटीत आम्ही ज्याला चिकित्सा म्हणून हसत होतो, ती या देशातल्या बहुतेक घरांची खरेदीची रीत आहे. फरक इतकाच, की आपण न घेता विसरतो आणि नाना न घेता शिकले.

तेव्हा बेताच्या पैशांत सोप्रानो घ्यायचा असेल, तर जाहिराती वाचत बसू नका. असा एखादा माणूस गाठा आणि त्याची बडबड सोसा. त्याच्या गाडीभाड्याचे पैसे द्या. वाद्य ठरलं की पहिल्यांदा त्याला वाजवू द्या. आणि तुम्ही कधी घेणार, हे मात्र त्याला विचारू नका.