तीन टिंबंवाल्या काकांना खुलं पत्र

ती. स्व. काकांस,


हे पत्र चारचौघांत लिहितोय, कारण तुमचा मेसेजही चारचौघांतच आला होता. घरच्या ग्रुपवर, रात्री साडेअकराला: "डॉक्टरकडे जाऊन आलो... रिपोर्ट आले... बाकी उद्या बोलू..." एवढं लिहून फोन बंद करून तुम्ही निवांत झोपलात. इकडे पुण्यात मी जागा, तिकडे नागपूरला आत्या जागी. सकाळी कळलं, रिपोर्ट नॉर्मल होते. 'बाकी' म्हणजे काय, तर साखर कमी करा! 'नॉर्मल' हा एक शब्द लिहायला तुम्हाला जड गेलं, नऊ टिंबं मात्र हौसेनं दिलीत.

रांगोळीत ठिपके मांडते तीच रेघाही ओढते. तुम्ही ठिपके मांडून उठता आणि रेघा आमच्यावर सोडता. मग ज्याच्या मनात जी भीती, तीच आकृती उमटते.

अवतरणातला मजकूर गाळला किंवा बोलणारा अडखळला, की तीन टिंबं देतात. त्यामुळे काहीतरी लपवलंय असं वाचणाऱ्याला वाटलं, तर त्यात त्याचं काय चुकलं? तुम्ही तर स्वल्पविराम, पूर्णविराम, नवी ओळ, सगळ्यांच्या जागी तीच बसवता. "वाढदिवसाच्या शुभेच्छा..." वाचून सूनबाई दिवसभर विचारत होती, काका रागावलेत का?

मोडीत कुठे विरामचिन्हं होती, शब्दसुद्धा तोडत नसत, असं तुम्ही ऐकवाल. खरंय. विरामचिन्हं आपल्याकडे रुळली ती एकोणिसाव्या शतकात, इंग्रज अधिकारी मेजर कँडींच्या खटपटीनं. पण त्याआधीही शिवाजी महाराजांच्या पत्रात मजकूर संपला की 'मर्यादेयं विराजते' अशी मोर्तब उठवत. पत्र इथे संपलं, यापुढे कुणी काही घुसडायचं नाही! संपलं कुठे, हे वाचणाऱ्याला कळलंच पाहिजे, ही काळजी तेव्हाही होती.

आणि तुम्हाला ते जमत नाही असंही नाही. बाबांनी जपून ठेवलेली तुमची पोस्टकार्डं मी वाचली आहेत. जागा संपली की कार्ड आडवं धरून समासात, मुंगीएवढ्या अक्षरात तुम्ही लिहायचात, 'प्रकृती उत्तम. काळजी नसावी.' दोन्ही वाक्यांपुढे ठसठशीत पूर्णविराम. आता जागेला तोटा नाही, तर वाक्यच पुरं होत नाही.

पूर्णविराम दिला की हल्लीच्या मुलांना राग वाटतो, हे नातीनं तुमच्या डोक्यात भरवलंय. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी १२६ विद्यार्थ्यांवर तसा प्रयोग केला होता. मोबाइलवरच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला, तर ते कमी मनापासूनचं वाटलं. हातानं लिहिलेल्या चिठ्ठीत तो फरक पडला नाही. पण ती उत्तरं एकेका शब्दाची होती. 'रिपोर्ट नॉर्मल आहेत' यापुढे तुम्ही पूर्णविराम द्या नाहीतर देऊ नका, आमच्यापैकी कुणीही रुसणार नाही.

तब्येतीचं, पैशांचं आणि प्रवासाचं लिहिताना वाक्य पुरं करा, एवढंच मागणं आहे. टाइप करताना बोटं दुखत असतील तर माइकचं बटण दाबून बोला. तुमचा आवाज ऐकला की आम्हाला झोप लागते.

आपला,
पुतण्या