सोमवारचा निकाल

आमच्या बीदरकडच्या जनवाड्यात सोमवारी सकाळी दोन गोष्टींची चौकशी ठरलेली. नळाला पाणी आलं का, आणि काकूंच्या जावयाची तालीम जिंकली का. पहिलीचं उत्तर सगळ्या गल्लीला एकदमच मिळतं. दुसरीचं आधी मला मिळतं, कारण काकूंच्या आणि माझ्या अंगणात छातीइतकी दगडी भिंत आहे आणि तिच्यावर कोपर टेकून उभं राहायची आम्हा दोघींना सवय आहे.

काकूंची धाकटी लेक कोल्हापुरात दिलेली. कुठल्या पेठेत ते मी लिहीत नाही. लिहिलं तर दुसऱ्या पेठेतले वाचक इथेच पान उलटतील. रविवारी रात्री लेकीचा फोन येतो. त्यात दहा मिनिटं नातवाची सर्दी आणि पाऊण तास आठवडाभरातल्या फुटबॉलच्या मॅचा. काकू त्याला फोडणी घालून सोमवारी माझ्या ताटात वाढतात.

"काय वो काकू, तोंड पाडून का बसलाव?"

"हरली गं मेली. टायब्रेकरवर."

"म्हंजे?"

"चषकाची मॅच होती. दोघंबी सारखेच राहिले. मग पाच-पाच जणानं एकेक मारायचं, समोर फकस्त गोलकीपर. आपल्यातल्या एकानं बॉल आभाळात धाडला. जावईबापू रातच्याला जेवले नाईत म्हणूलाली."

"मागच्या आठवड्यात तर तुम्ही म्हणलाव की बरोबरी झाली, एक गुण मिळाला."

"ती लीग गं. लीगमधी जिंकलं की तीन, बरोबरीला एक, हरलं की भोपळा. टायब्रेकर चषकाला असतंय. किती डाव सांगू तुला?"

सत्तरीच्या घरातल्या काकूंनी आयुष्यात चेंडूला पाय लावलेला नाही. पण कोल्हापुरातल्या वरिष्ठ गटाच्या लीगमध्ये 16 संघ असतात, ती कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन भरवते, लोक तिला नुसतं 'केएसए' म्हणतात आणि मॅचा राजर्षी शाहू स्टेडियमवर होतात, हे त्या बोटांवर सांगतात. संघांची नावं तर अशी घेतात की ऐकणाऱ्याला वाटावं, सगळे व्याहीच आहेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी.

"काकू, तालीम म्हणल्यावर कुस्ती पायजे की. बॉल कुठून आला?"

"मीबी तेच विचारलं होतं, सोयरीक झाली तवा. शाहू महाराजाला कुस्तीचा लई नाद. 1912 ला खासबाग मैदान बांधलं त्यानं. पेठंपेठंत तालमी. त्याच तालमीच्या पोरांनी पुढं फुटबॉलबी धरला. म्हणून आपल्या जावयाच्या जर्सीवर तालमीचं नाव, न् तालमीत मारुती."

"जावई खेळतेत?"

"खेळतेत कुठलं? पोट बघ त्यांचं. पाठराखे हायत ते. ओरडतेत."

हा ओरडण्याचा हिशेब काकूंना फार दिवस पटला नव्हता. पोरगा कामाला लागलेला, दुकान चालतंय, आणि दुपारी शटर ओढून स्टेडियमवर. हिवाळ्यात हंगाम सुरू झाला की पाऊस पडेपर्यंत हेच. जिंकले की हलगी, गुलाल, चौकातल्या फलकावर निकाल. हरले की दुसऱ्या पेठेच्या फलकावर टोमणा. त्या टोमण्याचा फोटो जावयाच्या फोनवर, जावयाच्या फोनवरून लेकीच्या, आणि लेकीच्या फोनवरून जनवाड्यात काकूंच्या. म्हणजे कोल्हापुरात कुणी कुणाची खोडी काढली, हे आमच्या गल्लीला दुसऱ्या दिवशी दूध यायच्या आत कळतं.

"पण काकू, मारामाऱ्याबी होतेत म्हणे."

काकूंचा आवाज खाली आला. "होतेत. खोटं कशाला सांगू? दगडं पडतेत, पोलिस बसवावं लागतंय, कधी मॅच मधीच थांबतीय. लेक म्हणूलाली, डोक्याला पट्टी बांधून आलेल्याला घरात घेणार नाही म्हणून ठणकावलंय. तवापासून जावईबापू गॅलरीत वरच्या पायरीवर बसतेत."

"आणि त्या बाहेरच्या पोरांचं काय?"

हा विषय काकूंच्या खास आवडीचा. मोठ्या तालमींनी गोव्याचे, केरळचे आणि परदेशातलेही खेळाडू आणलेत. असाच एक आफ्रिकेतला उंच पोरगा लेकीच्या शेजारी खोली घेऊन राहिला होता. पहिल्या दिवशी तांबड्या रश्शानं त्याच्या डोळ्यांतून पाणी काढलं. पांढरा रस्सा मात्र त्यानं वाटीवर वाटी मागून प्याला. महिन्याभरात तो 'वैनी' म्हणायला शिकला. "माझी लेक त्याची वैनी झाली गं," काकू म्हणाल्या, "न् गल्लीतल्या समद्या बायका त्याच्या मॅचंला गेल्या. गोल कुणी मारला ते एकीलाबी सांगता येईना, पण त्याला लाथ बसली तवा समद्या उठून उभ्या."

एवढ्यात आमच्या आबांनी लिंबाखालच्या बाजेवरून खाकरलं. सासऱ्यांचं खाकरणं म्हणजे 'आता मी बोलणार'.

"कोल्हापूर, कोल्हापूर. बीदर काय पाकिस्तानात होतं का?"

"आता हे काय काढलाव मामा?"

"आपण हैदराबाद स्टेटमधी होतो. हैदराबाद सिटी पोलिसची टीम ऐकलीस का? मुंबईला कूपरेजवर रोव्हर्स कप व्हायचा. 1950 ते 54, पाच साल एकापाठोपाठ एकच नाव. आपल्या स्टेटचं. कोच कोण? रहीमसाब."

सय्यद अब्दुल रहीम. पेशानं शिक्षक. आबा तेव्हा शाळकरी पोर. हैदराबादला नोकरीला असलेले गावातले लोक सुट्टीला आले की चावडीवर या गोष्टी सांगायचे आणि आबांनी त्या तिथे ऐकल्या. 1 नोव्हेंबर 1956 ला बीदर म्हैसूर राज्यात गेलं, हे त्यांना इतिहासाच्या पुस्तकामुळे ध्यानात नाही. बरोबर एक महिन्यानं, 1 डिसेंबरला, मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारतानं ऑस्ट्रेलियाला 4-2 हरवलं, त्यामुळे आहे.

"नेव्हिल डिसूझानं तीन गोल मारले. ऑलिंपिकमधी असं करणारा एशियातला पहिला माणूस. आपली टीम चौथी आली. कोच रहीमसाबच. स्टेट गेलं म्हणून लोक रडूलाले, न् हिकडं पोरं डिसूझा-डिसूझा खेळूलाले."

"मग पुढं?" काकूंनी भिंतीवर दुसरं कोपर ठेवलं.

"पुढं 1962, जकार्ता. एशियन गेम्सच्या फायनलला कोरियाला 2-1. सोनं आणलं. रहीमसाबला कॅन्सर. तसाच उभा राहिला माणूस. पुढच्या साली गेला. आता त्याच्यावर सिनेमा निघालाय, अजय देवगणचा. नातवानं दाखवला मोबाईलवर."

काकू हरणाऱ्यातल्या नव्हत्या. "आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 ला वर्ल्ड कपला खेळला की. सतरा वर्षांखालचा. दिल्लीला. बाप रिक्षा चालवायचा."

"खेळला ना? मग झालं तर. पण बीदरचा कोण खेळला ते सांग."

यावर भिंतीच्या दोन्ही बाजूंना कुणी बोलेना. मला मात्र गेल्या येळवशीची गंमत आठवली. येळवस म्हणजे आमच्या सीमाभागातला मोठा सण. बीदर, लातूर, धाराशिवकडचं अख्खं गाव त्या दिवशी शेतात. कडब्याची कोप करायची, तिच्यात पाच पांडव मांडायचे, भज्जी, उंडे, खीर, आणि मडक्यातली आंबील. काकूंनी जावयाला दोन महिने आधी आवतण दिलं होतं. जावई आले, पण मन कोल्हापुरात. त्यांच्या तालमीची मॅच त्याच दुपारी. मग काय, कोपीच्या दाराशी फोन उभा केला, यूट्यूबवर मॅच लावली, आणि पांडवांकडे पाठ करून जावईबापू बसले.

"लाज आणली गं मला," काकू म्हणतात. पण लाज फार वेळ टिकली नाही. आधी दोन पोरं मागे येऊन उभी राहिली, मग दहा. कुणाला तालमीचं नाव माहीत नाही, कुणाला खेळाडू माहीत नाही. मध्यंतराला जावयांनी गाडीच्या डिकीतून बॉल काढला. दोन दगड इकडे, दोन दगड तिकडे. काकूंच्या बांधालगतचा हरभरा थोडा तुडवला गेला, आणि त्याबद्दल काका अजून बोलून दाखवतात. आमच्या पोरानं त्या दिवशी पहिल्यांदा गोल मारला. रात्री झोपेत पाय हलवत होता.

"मग ते पुन्हा का नाही खेळले?" मी विचारलं.

"बॉल जावयासंगं गेला की," काकू म्हणाल्या.

आबा हसले. "बॉलचं काय घेऊन बसलाव? बॉल बाजारात मिळतोय. आपल्या पोरांनी गेल्या उन्हाळ्यात क्रिकेटचं टूर्नामेंट भरवलं का नाई? मांडव घातला, स्पीकर लावला, पुढाऱ्याला बोलावलं. चार दिवसांत संपलं. टीम कुठं हाय आता? बॅट कुणाच्या घरी हाय ते तरी म्हाईत हाय का?"

हे खरं होतं. बॅट कुणाच्या घरी आहे यावरूनच पोरांची अजून बोलचाल बंद आहे.

तेव्हा काकूंनी जे सांगितलं, ते ऐकून कोल्हापूरच्या फोनांकडे मी वेगळ्या नजरेनं बघायला लागले. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, महामार्ग बुडाला, दूध, भाजी, पेट्रोल मिळेना. लेक पाच महिन्यांची गरोदर. इथं काकूंच्या घशाखाली घास उतरत नव्हता. तिथं तिसऱ्या दिवशी दारात डबा घेऊन कोण आलं? तालमीची पोरं. आणि दवाखान्यात न्यायला होडी घेऊन कोण आलं? दुसऱ्या तालमीची पोरं, ज्यांच्या फलकावरचा टोमणा वाचून जावई आठवडाभर धुसफुसत होते.

"गणपती त्यांचाच, शिवजयंती त्यांचीच, रक्तदान त्यांचंच," काकू म्हणाल्या. "फुटबॉल म्हंजे वर्षातले थोडे दिस. बाकीचे दिस बसाय-उठाय जागा हाय म्हणून ते टिकतंय. मला आधी वाटायचं, मॅचंसाठी तालीम हाय. तसं नाई गं. तालीम हाय म्हणून मॅच हाय."

आबांनी मान डोलावली. सिटी पोलिसच्या खेळाडूंनाही पोलिसात नोकरी होती, रोजचा सराव होता, रोज शिटी वाजवणारे रहीमसाब होते, असं ते म्हणाले. पाच वर्षं कप नशिबानं येत नाही.

मग आम्ही गावाकडे वळलो. आपल्याकडे दर आठवड्याला न चुकता काय होतं? भजनी मंडळ बसतं. पेटी कुणाच्या घरी आहे, टाळ कुठे ठेवतात, खंड पडला तर कुणी कुणाला हाक मारायची, हे सगळं ठरलेलं. मंडळातले निम्मे लोक एकमेकांशी बांधावरून भांडलेले, तरी गुरुवारी शेजारी बसतात. त्यात बक्षीस नाही, पुढारी नाही, मांडव नाही, म्हणून ते इतकी वर्षं चाललं. पोरांना हेच द्यायचं राहिलं. आपण त्यांना टूर्नामेंट दिलं, बसायचा वार दिला नाही.

"मग शाळेच्या मैदानावर चालू करा की," काकू म्हणाल्या. "बॉल मी जावयाकडून मागवते. हुंड्यात काई घेतलं नव्हतं त्यांनी, आता मीच घेते."

"पोरी पण खेळतील," मी म्हणाले. आबांकडून विरोध येईल असं वाटलं होतं. ते म्हणाले, "खेळू द्या. शिटी मी वाजवतो. पर बाजेवर बसून."

तर आतापर्यंत एवढं ठरलंय: रविवार, संध्याकाळी पाच, शाळेचं मैदान. गोलला चार बांबू काकांच्या मळ्यातून येतील, हरभऱ्याचं भांडण मिटलं तर. बॉल शाळेच्या शिपायाकडे राहील, कुणाच्याही घरी जाणार नाही. बक्षीस नाही, हार-तुरे नाहीत. चौकातल्या पिंपळाला एक काळी पाटी टांगायची आणि निकाल तिच्यावर खडूनं लिहायचा. टोमणा मारायचा असेल तर खालच्या ओळीत, शुद्धलेखन तपासून.

जनवाड्यातल्या आणि आसपासच्या वाचकांना एवढंच सांगणं. पोरं पाठवा, पोरी पाठवा, जमलं तर स्वतः या. पहिल्या दिवशी 0-0 झालं तरी बिघडत नाही. फक्त घरी जायच्या आधी पुढच्या रविवारी कोण कोण येणार, ते ठरवून मगच मैदान सोडा.