श्रीमंत आयओसीटीएल यांस, दाभोशाच्या कान्याबाबत

श्रीमंत आयओसीटीएल, मुक्काम लिनक्सचा गाभा, यांच्या सेवेसी सादर.

अर्ज जव्हारच्या मुलखातला, आणि जव्हार हे १९४८ पर्यंत मुकणे राजांचे संस्थान असल्याने ‘श्रीमंत’ हे संबोधन या मुलखाला परके नाही. नेटवर्क कार्डाकडून काम करवून घेणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर, आणि कार्डाचा पत्ता, नाव वगैरेंबाबतचे हुकूम गाभ्यापर्यंत व तेथून ड्रायव्हरपर्यंत पोचवण्याची जुनी खिडकी म्हणजे श्रीमंत स्वतः. १९८३ साली बर्कलीच्या युनिक्समध्ये नेटवर्कचे खाते श्रीमंतांकडे आले, तेव्हा अर्जाच्या नमुन्यात कार्डाच्या नावासाठी १६ बाइटांची चौकट आखली गेली आणि शेवटचा बाइट नाव संपल्याची खूण म्हणून राखीव राहिला. लिनक्सने हाच नमुना पुढे चालवला. इंग्रजी अक्षराला एकच बाइट पुरत असल्याने उरलेल्या १५ बाइटांत कोणाचे अडले नाही.

आता जव्हारच्या एखाद्या संगणकातून गावोगाव तारा गेल्या, तर ज्या गावाची तार त्याचेच नाव कार्डाला द्यावे, ही काही अवाजवी इच्छा नव्हे. परंतु युटीएफ-८ या प्रचलित संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते व्यंजन असो की काना, तीन बाइट घेते. द, काना, भ, ओकार, स आणि पुन्हा काना मिळून ‘दाभोसा’ हे गावाचे नाव १८ बाइटांचे होते. एखाद्या प्रोग्रॅमने ते न मोजता चौकटीत कोंबले, तर गाभ्याच्या दप्तरी ‘दाभोस’ लागते आणि कापलेल्या कान्याची पोचही मिळत नाही. मोखाड्याचेही तेच, आणि व चा पाय मोडल्याचेही तीन बाइट लागत असल्याने जव्हारचेही तेच. पाच चिन्हांचे ‘पालघर’ तेवढे नेमके मावते. जिल्ह्याचे काम होते आणि तालुक्याचे अडते, हा अनुभव नवा नाही. उलट १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर ज्यातून वेगळे झाले ते ‘ठाणे’ अवघ्या चार चिन्हांचे असूनही नामंजूर होते, कारण ठ चा तिसरा बाइट १६० क्रमांकाचा, गाभ्याच्या कोष्टकात तो क्रमांक रिकामी जागा म्हणून लागलेला, आणि नावात रिकामी जागा चालत नाही. ठाण्यात रिकामी जागा आहे असे मानणारे हे बहुधा एकमेव दप्तर असावे.

नामंजुरीचा शेरा ‘२२’ एवढाच, म्हणजे दिलेली किंमत अवैध. कोणत्या रकान्यात चूक झाली, हे अर्जदाराने ताडायचे. चौकट रुंद करावी, तर तिचे माप असंख्य जुन्या प्रोग्रॅमांत पक्के बसलेले असल्याने ते सारे मोडतील, आणि जुने प्रोग्रॅम मोडायचे नाहीत हा गाभ्याचा दंडक आहे. नेटलिंक ही पुढे आलेली खिडकी या बाबतीत शहाणी, कारण तेथे प्रत्येक माहिती आपला प्रकार आणि आपली लांबी सोबत घेऊन येते, त्यामुळे जुना नमुना न फाडता नवा रकाना जोडता येतो; २०१७ पासून नकाराचे कारण शब्दांत कळवण्याची सोयही तेथे झाली. २०२० च्या जानेवारीत आलेल्या ५.५ आवृत्तीपासून तर कार्डाला १२७ बाइटांपर्यंतचे पर्यायी नाव देता येते, ज्यात दाभोसा कान्यासकट बसते. मूळ नाव मात्र अजूनही १५ बाइटांचेच, म्हणजे हाक मारायला दाभोसा आणि सातबाऱ्यावर भलतेच काही.

श्रीमंतांच्या सेवाज्येष्ठतेस धक्का न लावता योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.

सोबत: काना, नग १, वजन ३ बाइट.