उमेदवार रुजू आहे

महसूल खात्यात हयात घालवून निवृत्त झालेल्या गृहस्थाच्या नावाआधी 'डॉक्टर' ही उपाधी लागावी, ही आकांक्षा वस्तुतः ज्ञानाची नसून दारावरच्या पाटीची असते, हे मी हैदराबादेतील बरकतपुऱ्याच्या माझ्या स्नेह्यांना कधी कळू दिले नाही. आणि निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांच्या १८६५ सालच्या जिल्हाबंदीवर, म्हणजे संस्थानाच्या जिल्हावार आखणीवर, आपण आता संशोधन करणार, असे चारचौघांत जाहीर केले तेव्हा विद्यापीठ माझीच वाट पाहत बसले असेल, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

विद्यापीठ वाट पाहत होते खरे, परंतु परीक्षार्थीची. किमान १२ श्रेयांकांचे कोर्सवर्क, त्यात संशोधनपद्धती, प्रकाशननीतीचे २ श्रेयांक, ५५ टक्के गुणांची अट, शिवाय दर सत्रास सल्लागार समितीपुढे हजेरी, ही विद्यापीठ अनुदान आयोगाची कलमे उमेदवाराच्या वयाचा मुलाहिजा ठेवीत नाहीत. ज्याने उभी नोकरी इतरांच्या दरखास्तींवर 'तपशील अपुरा, सबब परत' असा शेरा मारण्यात घालवली, त्याचा आराखडा त्याच्या कन्येहून लहान असलेल्या मार्गदर्शिकेने "पण सर, तुमचा प्रश्न नेमका काय आहे?" एवढेच विचारून परत केला. 'सर' म्हणण्यात आदर पुरेपूर होता. आराखडा मात्र परतच आला.

पुढे साहित्यचौर्य शोधणाऱ्या यंत्राची पाळी आली. साम्य १० टक्क्यांच्या आत असावे असा दंडक. यंत्राने ते कितीतरी अधिक दाखवले, आणि ज्या लेखकावर मी डल्ला मारला होता तो कोण म्हणून पाहिले, तर तो मीच! कुणा उत्साही संपादकाने जालावर चढवलेला माझा जुना दिवाळी अंकातील लेख यंत्राने शब्दन् शब्द वाचला होता. इतक्या आस्थेने मला वाचणारा हा पहिलाच वाचक असल्यामुळे रागावणे जिवावर आले.

येथे उस्मानिया विद्यापीठाच्या आर्ट्स कॉलेजविषयी लिहिल्यावाचून मला राहवत नाही. (मी तेथला विद्यार्थी नव्हे, आणि या इमारतीचा प्रबंधाशी संबंध नाही, असा मार्गदर्शिकेचा लेखी अभिप्राय आहे.) १९३४ साली तिची कोनशिला बसण्यापूर्वी निजाम सरकारने झैन यार जंग व सय्यद अली रझा या दोघा वास्तुविदांना देशोदेशींची विद्यापीठे पाहण्यास रवाना केले, इजिप्तमध्ये त्यांना अर्नेस्ट जास्पार हा बेल्जियन वास्तुविशारद गवसला, आणि १९३९ साली, खांबांत अजिंठा-वेरूळची छाया व कमानींत इस्लामी डौल घेऊन, ती ग्रॅनाइटची भव्य वास्तू खुली झाली. म्हणजे दगडांनीसुद्धा आधी कोर्सवर्क केले; मी मात्र थेट कळसावर जाऊन बसू पाहत होतो.

माझ्या शेजारच्या बाकावर आदिलाबादकडची एक मुलगी बसते. घरी मराठी, शाळा तेलुगूत, प्रबंध इंग्रजीत. "काका, हजेरीवर सही राहिली तुमची," अशी आठवण तीच करते. परवा तिने प्लास्टिकच्या पिशवीतून आपला प्रगती-अहवाल काढून दाखवला. एक सोडून सर्व सह्या होत्या. समितीच्या एका सदस्याच्या जागी, सही येथे करावी म्हणून तिने पेन्सिलीने काढलेली बारीक फुली तेवढी होती, तीही हाताळून पुसट झालेली. सही नाही म्हणून अहवाल दाखल नाही, अहवाल दाखल नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही, आणि खोलीचा मालक नियमावली वाचत नाही. माझे निवृत्तिवेतन पहिल्या तारखेस बिनबोभाट जमा होते. त्यामुळे हे पहिले वर्ष मला करमणुकीचे जाते आणि तिला उसनवारीचे. विद्यार्थ्याने केव्हा काय हजर करावे यास मुदत आहे, त्यावर सही केव्हा व्हावी यास नाही, आणि माझी तक्रार एवढ्यापुरतीच आहे.

वाचकांपैकी कोणी अशा समितीवर असतील, तर त्यांच्या सेवेशी अर्ज असा की, माझी मिसल खुशाल तळाशी ठेवावी, पाटी रंगवणाऱ्याला मी अद्याप विसार दिलेला नाही. त्या मुलीसारख्या कुणाचा कागद टेबलावर पडला असेल, तर त्यावर मात्र आजच सही करावी.