पावणेचार

जुन्या गाडीच्या मालकाला "वा, गाडी छान ठेवलीय" असं तुम्हीही कधीतरी म्हणाला असाल. त्यानंतर तुमची दुपार कशी गेली, ते मी सांगायला नको. आमच्या मालगुंडात असे एक भाऊ आहेत. मुंबईच्या कारखान्यात लेथवर उभा जन्म काढला आणि निवृत्त होऊन गावी आले. वाडीत त्यांना नावानं कोणी ओळखत नाही. 'पावणेचार' म्हणा, शाळेतलं पोरही घर दाखवील.

कारण भाऊंच्या गाडीच्या चाकाला नटांची चार भोकं आहेत, आणि त्यांच्या मध्यांतून वर्तुळ काढलं तर त्याचा व्यास पावणेचार इंच भरतो. म्हणजे 95.25 मिलिमीटर. मी हे एकदाच सांगतोय. भाऊ पोस्टमनला सांगतात, सिलिंडरवाल्याला सांगतात, गणपतीपुळ्याहून केशवसुत स्मारकाची वाट विचारत आलेल्या पर्यटकांनाही सांगतात. माणसं कवीचं घर बघायला येतात आणि नट-बोल्टचं माप घेऊन परत जातात.

गाडी आहे स्टँडर्ड हेराल्ड. मद्रासची स्टँडर्ड कंपनी 1961 पासून दहाएक वर्षं ही गाडी बनवत होती. इंजिन 948 सीसीचं. बॉनेट उघडायला गेलं की मडगार्डांसकट गाडीचं सगळं तोंडच पुढे कलतं. पूर्वी ती डॉक्टर-वकिलांच्या दारात दिसायची. भाऊ मात्र तिला स्पोर्ट्स कार म्हणतात. पुरावा असा की, 1962 साली विलायतेत निघालेली ट्रायम्फ स्पिटफायर ही अस्सल स्पोर्ट्स कार हेराल्डचीच चासी आखूड करून बनवली होती, आणि दोघींचं रूप आखणारा इटालियन मिकेलोत्तीही एकच.

"भाऊ, पुतण्या कलेक्टर झाला म्हणून काका कलेक्टर होत नाही," मी म्हटलं.

"अरे, पण रक्त एकच ना? भोकं बघ. दोघींचीही पावणेचार!"

तर अशा या स्पोर्ट्स कारला पत्र्याची चाकं शोभत नाहीत. भाऊंना हवीत मिनिलाइट. साठच्या दशकात ब्रिटिश रॅली गाजवलेली, आठ आऱ्यांची. मूळची मॅग्नेशियमची होती; पण मॅग्नेशियम आणि मालगुंडची खारी हवा यांचं जमणं कठीण. म्हणून अ‍ॅल्युमिनियमची प्रतिकृती. तशी इंग्लंडात तयार मिळतात. किंमत, जहाजभाडं आणि कस्टम यांची बेरीज भाऊंनी काकूंना वाचून दाखवली. "गाडी विका आणि चाकं घ्या," एवढंच म्हणून काकू आमसुलं वाळत घालायला गेल्या.

मग देशी शोध सुरू झाला. कुर्ल्याच्या भंगारात मारुती 800 ची मॅगव्हील मिळाली, ती साडेचार इंचांची. स्विफ्टची शंभर मिलिमीटर. फियाट उनोची अठ्ठ्याण्णव. ही शेवटची भाऊंना फार लागली. पावणेतीन मिलिमीटरांनी हुकलं! दुकानदार म्हणाला, "काका, कानस मारा, भोकं थोडी लांबवा, बसतंय की!" कुर्ल्यापासून मालगुंडापर्यंत एसटीत भाऊ एक शब्द बोलले नाहीत. शेजारच्या प्रवाशाचं भाग्य.

शेवटी कोल्हापूर. तिथं ओतकामाच्या फौंड्र्या पुष्कळ. भाऊंनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चाकाचं ड्रॉइंग काढलं आणि आंबा घाट चढून शिरोलीत उतरले. सोबतीला मी. फौंड्रीच्या मालकानं ड्रॉइंग निरखलं, खूश झाला, चहा सांगितला.

"किती नग काढायचे?"

"पाच."

"पाच हजार?"

"पाच. चार चाकं आणि एक स्टेपनी."

चहा आला, पण एकच कप आला आणि तो मालकानं घेतला. त्याचंही चुकलं नाही. लाकडी पॅटर्न पाच नगांना लागतो तेवढाच पाच हजारांना. अ‍ॅल्युमिनियम निवताना आकसतं, म्हणून पॅटर्न अंमळ मोठा करावा लागतो. ओतल्यावर चाक सुमारे 540 अंशांना भाजून पाण्यात बुडवायचं, मग पुन्हा मंद आचेवर मुरवायचं, तेव्हा कुठे त्यात ताकद येते. एवढी उस्तवारी पाच चाकांसाठी कोण करील? "आणि भोकं तेवढी शंभरची करूया का? जिग तयार आहे," मालकानं विचारलं. भाऊंनी ड्रॉइंगची गुंडाळी केली.

परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "भाऊ, शेवटी नक्कलच ना ती? नकलेला एवढं माप कशाला?"

भाऊ भडकले. "केशवसुतांचं घर जुन्या वळणानं नीट करून स्मारक केलं, ते काय नकली झालं? नक्कल करायची तर मापातच हवी. मापात नसली की ती फसवणूक!"

पुढे एका लहान फौंड्रीनं केवळ हौसेखातर एक चाक ओतून दिलं. भोकं भाऊंनी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये स्वतः पाडली. किती इंचावर, ते विचारू नका. वाडी जमली. टायर चढवला, हवा भरली, चाक पाण्याच्या टाकीत बुडवलं. एका आऱ्याच्या मुळाशी बारीक बुडबुडे आले. ओतीवात छिद्रं राहिली होती. कोणी म्हणालं, एम-सील लावा. कोणी म्हणालं, ट्यूब घाला, चालवून घ्या. भाऊ घरात गेले, घण घेऊन आले आणि घामानं निथळत त्या चाकाचे तुकडे केले. "उद्या मी मेलो की कोणीतरी हे विकील. मग ते घाटात फुटेल," म्हणाले, आणि हात धुतले. त्या दिवशी वाडीत कोणी पावणेचार म्हणून हाक मारली नाही.

खरं सांगतो, हा माणूस मला सहन होत नाही. पण माझ्या विहिरीचा पंप त्यानं एक पैसाही न घेता दुरुस्त करून दिला, आणि त्यानंतर तो थेंबभर गळला नाही. त्याची मुलं पुण्यात आहेत. हेराल्ड जांभ्या चिऱ्यांवर उभी असते. दर रविवारी तिचं इंजिन सुरू होतं आणि ती कुठेही जात नाही. त्या गाडीतून त्याला कुठे जायचंय, हे वाडीत कोणी विचारत नाही. मीही नाही.

इकडे आमच्या मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 पासून चाललंय. 2023 साली चिपळूणला बांधकाम चालू असतानाच उड्डाणपूल कोसळला. तिथं कुठे कोणी कानस मारली असेल, कोणी 'बसतंय की' म्हटलं असेल, ते चौकशी समित्या जाणोत. माझं मत एवढंच की, पावणेचारला पावणेचारच म्हणणारा एक तरी माणूस प्रत्येक खात्यात असावा. फक्त तो आपला शेजारी असू नये.