त्यागराज टीव्हीवर उशिरा पोचतात

तिरुवैयारु, जि. तंजावर
१० जानेवारी २०१८

ती. आई आणि ती. बाबा यांस,


पत्र लिहिण्यास कारण की, फोनवर आई विचारतात, "टीव्ही दिसायला लागला का गं?" आणि बाबा मागून ओरडतात, "पिवळी पिन पिवळ्यात घातली का विचार!" मग दोन्ही प्रश्नांची खिचडी होते आणि शेवटी मी "हो हो" म्हणून फोन ठेवते. म्हणून म्हटलं, एकदा सविस्तर लिहावं. वेळही आहे. इकडे ४ तारखेपासून सरकारी बसवाल्यांचा संप चाललाय. तंजावर तेरा किलोमीटरवर, पण बँकेत जायला रोज कुणाची तरी मोटारसायकल गाठावी लागते. नाही गाठली की हे दिवसभर लुंगी लावून टीव्हीपुढे. कृष्णेपलीकडचा सगळा मुलूख बाबांच्या लेखी परदेशच. त्या परदेशात आपला मुलगा आता लुंगी लावतो, हेही कळवून ठेवते.

तर टीव्ही. आपल्याकडे साताऱ्यात केबलचा डबा, म्हणजे सेट-टॉप बॉक्स, आला तेव्हा काय झालं, आठवतं ना? चार दिवस सगळ्यांनी शिव्या घातल्या, पाचव्या दिवशी पैसे भरले आणि सहाव्या दिवसापासून सगळे मालिकेत बुडाले. इथे तसं नाही. इथे टीव्ही ही चैनीची वस्तू नाही, रेशनवरच्या तांदळाच्या रांगेतली वस्तू आहे. २००६ च्या निवडणुकीत करुणानिधींनी घरटी रंगीत टीव्ही फुकट देतो म्हणून सांगितलं, निवडून आले आणि खरंच दिले की! चौदा इंची. पाच वर्षांत दीड कोटीच्या वर वाटले म्हणतात. पुढे २०११ साली जयललिता आल्या. त्यांनी टीव्ही बंद करून मिक्सर, ग्राइंडर आणि पंखा सुरू केला. त्यामुळे आमच्या गल्लीतल्या घरात शिरलं, की कोणती वस्तू कोणत्या मुख्यमंत्र्यांची हे सांगता येतं. घरमालकीणबाईंकडे करुणानिधींच्या टीव्हीवर जयललितांचा पंखा वारा घालतो. एवढी युती खुद्द त्या दोघांना कधी जमली नाही.

फुकट टीव्ही दिला, तर त्यात दिसायलाही काही हवं. म्हणून सरकारनं स्वतःची केबल कंपनी काढली, अरसु केबल. २००८ साली जिथं पहिले नियंत्रण कक्ष उभे राहिले त्या चार गावांत आपलं तंजावर होतं. मधे ती कंपनी नुसतीच कागदावर होती. २०११ मध्ये जयललितांनी तिला उठवून बसवलं आणि भाव लावला महिना ७० रुपये. सत्तर रुपयांत सगळा टीव्ही! इथली माणसं हा आकडा मुलांच्या वाढदिवसासारखा सांगतात.

आता या सत्तर रुपयांच्या संसारात डबा शिरला. मुंबईबरोबरच चेन्नईलाही ऑक्टोबर २०१२ अखेर जुनी बिनडब्याची केबल बंद व्हायची होती. मुंबईत झाली. चेन्नईचं भांडण कोर्टात गेलं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिलं. बाकी देशाची शेवटची मुदत गेल्या वर्षी ३१ मार्चला संपली, तरी इकडे मुंग्या आलेलं जुनं चित्र आरामात चालू होतं. एप्रिलमध्ये केंद्रानं सरकारी केबलला डिजिटलचा परवाना दिला आणि सप्टेंबरात मुख्यमंत्री पळनिस्वामींनी डबे फुकट वाटायला सुरुवात केली. गिऱ्हाईकं सत्तर लाखांच्या आसपास, तेव्हा सगळ्यांना एका दिवसात मिळणं शक्यच नाही. पण "त्यांच्याकडे आला, आमच्याकडे का नाही" याला काही उत्तर नसतं. सगळ्यात पुढे ज्या आजींना मिळाला, त्यांनी डब्याला चंदनाचं बोट लावलं, कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. फूल नेमकं रिमोटच्या डोळ्यावर आलं. दोन दिवस चॅनेल बदलेना. शेवटी कुणीतरी फूल सरकवलं आणि देव पावला.

आमच्या घरात मात्र सरकारी डबा नाही. आमचा केबलवाला दुसऱ्याच कुणाची लाइन घेतो. त्याचं नाव लिहीत नाही, कारण आमचं मागच्या महिन्याचं बिल द्यायचं राहिलंय.

लोकांची तक्रार काय आहे, हे मी कान देऊन ऐकते. आई, खरं सांगू? चित्राबद्दल कुणीच बोलत नाही. पूर्वी रजनीकांत एकाच्या जागी दोन दिसायचे, मागचा जरा फिकट. आता एकच दिसतो, पण मिशीचा केस न् केस मोजावा असा. यावर कुणी चकार शब्द काढत नाही. सगळं बोलणं तीन गोष्टींचं. पहिली म्हणजे पैसे: सरकारी डबा फुकट असला तरी महिन्याचे १२५, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सत्तरचे झाले १४७ रुपये ५० पैसे. "डबा फुकट, टोपण विकत," असं कोपऱ्यावरचा चहावाला म्हणतो. दुसरी गोष्ट दुसऱ्या टीव्हीची. पूर्वी एका तारेला दोन फाटे फोडले की पुढच्या खोलीत क्रिकेट आणि मागच्या खोलीत मालिका. आता प्रत्येक टीव्हीला वेगळा डबा, वेगळं बिल. त्यामुळे गल्लीत किती घरांतली सासू-सुनेची शांतता मोडली, ते मी नावानिशी सांगू शकते, पत्रात नको.

तिसरी गोष्ट नंबरांची. आमच्या पाट्टींना (घरमालकीण, वय ऐंशीच्या पुढे, म्हणून गल्लीची आजी) आकडे वाचता येत नाहीत, पण जुन्या रिमोटवर अंगठा कुठे ठेवला की कोण येतं हे पाठ होतं. आता तीन-तीन आकडी नंबर. भक्तीचं चॅनेल लावायला गेल्या आणि कुस्ती लागली. बंद करायचं कुठलं बटण ते सापडेना, म्हणून अर्धा तास कुस्ती बघितली. संध्याकाळी म्हणाल्या, "तो निळ्या चड्डीवाला उद्या पण असतो का?"

डबा कशासाठी, हे ह्यांनी मला समजावलं आणि मी पाट्टींना समजावलं. जुन्या पद्धतीत खांबावरून किती तारा कुणाच्या घरात गेल्या हे केबलवाल्याखेरीज कुणालाच ठाऊक नसायचं. तो वर सांगेल ती संख्या खरी. उरलेल्या घरांचे पैसे त्याच्या खिशात, आणि चॅनेलवाले व सरकार हात चोळत. आता प्रत्येक डब्याला स्वतःचा क्रमांक आणि आत एक कार्ड. पैसे नाही भरले की लांबून बटण दाबून तेवढंच घर काळं. म्हणजे चित्र सुधारण्याचं नाव, आणि डोकी मोजायचं काम. पाट्टींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग हे आधी का नाही सांगितलं? मोजायला आले असते तर मी कॉफी दिली असती."

बाबांसाठी एक राजकारणाची गोष्ट. इकडे पक्ष काढला की आधी झेंडा, लगेच चॅनेल. सन टीव्ही १९९३ पासून मारन घराण्याचा, म्हणजे करुणानिधींच्या भाच्याच्या घरचा. जया टीव्ही अण्णा द्रमुकचा. २००७ साली करुणानिधींच्या घरात आणि मारनांच्या घरात बिनसलं, तर त्याच वर्षी कलैग्नार टीव्हीही निघाला आणि सरकारी केबल कंपनीही. घरातल्या भांडणातून एवढी विकासकामं झालेली मी दुसरीकडे पाहिली नाहीत! विजयकांत यांचा कॅप्टन टीव्ही, पट्टाळी मक्कळ कच्चीचा मक्कळ टीव्ही. आणि गंमत म्हणजे सध्या राज्य अण्णा द्रमुकचं, पण त्यांच्याच हातात चॅनेल नाही, कारण जया टीव्ही पक्षातून फुटलेल्या दिनकरन यांच्या गोटात. आपल्याकडे पक्षांची वर्तमानपत्रं असतात, ती न वाचता रद्दीत घालता येतात. इथे तसं नाही. केबल ज्याच्या ताब्यात, त्याचं चॅनेल पहिल्या नंबरावर आणि विरोधकाचं मुंग्यांत. म्हणून डबा कुणाचा, यावर माणसं हमरीतुमरीवर येतात. ३१ डिसेंबरला रजनीकांतनी राजकारणात येतो म्हणून जाहीर केलं. गल्लीत फटाके उडाले आणि चहावाल्यानं ह्यांना पहिला प्रश्न विचारला, "यांचं चॅनेल कितव्या नंबरावर येणार?" रजनीकांत मूळचे गायकवाड, म्हणजे तुम्हा गायकवाडांचाच माणूस, तुम्हाला आतली बातमी असेल, असं त्याला वाटलं. आपण गायकवाड नाही हे त्याला तिसऱ्यांदा सांगून झालं.

आता शनिवारची हकिगत, जिच्यासाठी खरं तर पत्र लिहायला घेतलं. ६ तारखेला कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज यांची पुण्यतिथी, पुष्य बहुल पंचमी. कावेरीच्या काठावर त्यांची समाधी, बंगळूर नागरत्नम्मांनी स्वतःचं किडूकमिडूक घालून त्यावर मंदिर बांधलं. दरवर्षी पुण्यतिथीच्या आराधनेला तिथल्या मांडवात शेकडो गवई-वादक दोन्ही बाजूंना दाटीवाटीनं बसून पाच कृती एका सुरात म्हणतात आणि दूरदर्शन ते थेट दाखवतं. पाट्टींना आता तिथवर चालवत नाही. म्हणून सकाळी आठला न्हाऊन, नऊवारी नेसून (इकडची, कासोटा वेगळा) त्या आमच्या टीव्हीसमोर पाटावर बसल्या. त्यांचा स्वतःचा टीव्ही चौदा इंची, आमचा बत्तीस; एवढ्या सगळ्या विद्वानांना चौदा इंचांत कोंबणं बरं नव्हे म्हणाल्या.

आमचं घर समाधीपासून इतकं जवळ, की तिथल्या कर्ण्याचा आवाज खिडकीतून सरळ आत येतो. नाट रागातली पहिली कृती सुरू झाली. खिडकीतून सुरू झाली, पण टीव्हीवर सगळे अजून घसे साफ करत होते! मग टीव्हीवर सुरू झाली, तोवर खिडकी पुढच्या ओळीला. एकच कृती घरात दोनदा, पहिलीच्या शेपटीवर दुसरीचा पाय. पाट्टी ताल धरत होत्या. आधी खिडकीबरोबर, मग टीव्हीबरोबर, मग हात मांडीवर तसाच राहिला. ह्यांनी सांगितलं की चित्र उपग्रहापर्यंत जाऊन येतं, मग त्याचं गणित होऊन डब्यात येतं, डबा ते पुन्हा उलगडतो, एवढ्यात काही सेकंद जायचेच. पाट्टी म्हणाल्या, "कावेरी इथे आहे. त्यांना आकाशात जायची गरज काय?"

आणि तिसऱ्या कृतीच्या ऐन मध्यावर डबा गोठला. एका बुजुर्ग विदुषींचा हात तालासाठी वर गेलेला, तो वरच राहिला. मागच्या रांगेतल्या व्हायोलिनवाल्यांचे चौकोन झाले, एका मृदंगाचा तर अर्धा भाग शेजारच्या माणसाच्या धोतरावर जाऊन बसला. जुन्या केबलचं बरं होतं. ती थकत थकत जायची, धुरकट का होईना दाखवायची. ही नवी मंडळी येतील तर कडक इस्त्रीत, नाहीतर सरळ दांडी. मी केबलवाल्या तंबीला (इकडे धाकट्या भावाला तंबी म्हणतात) फोन लावला. तो म्हणाला, "अम्मा, मी समाधीवरच आहे, इथे सगळं नीट दिसतंय." ह्यांनी डब्याची वायर काढून घातली, डबा पुन्हा जागा व्हायला लागला, पडद्यावर आकडे मोजत बसला. तेवढ्यात पाट्टींनी मला हात केला, आम्ही त्यांची खुर्ची उचलून खिडकीशी नेली, आणि उरलेली आराधना त्यांनी तिथे ऐकली. मधेच एकदा वळून "आला का तो?" म्हणून विचारलं, पण डब्याविषयी होतं की निळ्या चड्डीवाल्याविषयी, मला नक्की सांगता यायचं नाही.

दुपारी तंबी आला, तार कुठे तरी सैल होती ती आवळून गेला. पाट्टींनी त्याला रागावायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात वाटीभर अशोका हलवा दिला. (मुगाच्या डाळीचा, तुपानं निथळणारा, तिरुवैयारुची खासियत. कृती पाठवते, पण आई, बाबांची साखर बघून करा.)

डब्यानं एक काम मात्र झकास केलं. दूरदर्शनच्या चॅनेलांच्या रांगेत हे एक-एक नंबर दाबत गेले आणि अचानक सह्याद्री लागलं! तिरुवैयारुत, कावेरीकाठी, मराठी बातम्या. मी पोळी तव्यावर टाकून धावले. आणि बातमी षट्कर्णी व्हायच्या आत समोरचे रावमामा येऊन बसले. हे तंजावरी मराठी. तंजावरात मराठी राज्य स्थापणाऱ्या एकोजीराजांच्या काळात यांचे पूर्वज आले, घरात अजून मराठी बोलतात, चिठ्ठी मात्र तमिळ लिपीत लिहितात. बृहदीश्वराच्या देवळातला तो भलामोठा मराठी शिलालेख त्यांनी मला बोटानं दाखवत वाचून दाखवला होता. तर मामांनी मान तिरकी करून निवेदिकेचं बोलणं दहा मिनिटं ऐकलं. मग मला हळूच विचारलं, ही बाई कुठल्या गावची? मी म्हटलं, मुंबईची. "असेल," म्हणाले. "मराठी बरं शिकलीय." आता रोज सातला येतात, चुका काढतात आणि कॉफी पिऊन जातात. डब्याबद्दल त्यांचं मत विचारलं, तर म्हणाले, "१८५५ साली राजे वारले तेव्हा कंपनी सरकारनं आमचं अख्खं राज्य बंद केलं. तेव्हा फुकट डबा पण नाही दिला."

रविवारी पोंगल. सकाळी सन टीव्हीवर सॉलोमन पाप्पय्या यांचं पट्टिमन्रम, म्हणजे वादविवाद असतो, आणि तो सगळं घर न्हाऊन-माखून बघतं. त्याआधी डबा मिळावा म्हणून चौकात रांगा आहेत. नवऱ्यांना रांगेत उभं करून बायका रांगोळीचं बघतायत. मीही पाट्टींकडून ठिपके शिकतेय.

तुम्ही माळ्यावरचा जुना डबा धुऊनपुसून पार्सल करणार आहात असं कळलं. बाबा, कृपा करून पाठवू नका. ज्या कंपनीचा डबा त्याच कंपनीच्या तारेवर चालतो. साताऱ्याचा डबा इथे नुसता दिवा लावून बसेल. त्या पार्सलात त्याऐवजी गुळाची पोळी, मेतकूट आणि कंदी पेढे घाला. पेढ्यांतले अर्धे तंबीला द्यायचेत, मार्चपर्यंत बिलाचं बोलणार नाही.

तिळगूळ इथूनच. धाकट्याला "आजोबांना दंडवत लिही" म्हटलं तर त्यानं खाली टीव्हीचं चित्र काढलंय, ते तसंच ठेवते.

आपली नम्र,
सौ. सून