आधी लगीन सीटचं

मुंबईहून सिंगापूर विमानाने साडेपाच तासांचं. तेवढ्या वेळात कोकणात जाणारी गाडी रत्नागिरीला पोचली तरी नशीब समजायचं. पण क्रूझला निघालेल्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर या साडेपाच तासांची चर्चा महिनाभर आधी सुरू होते आणि पुढच्या तीन रात्रींच्या जहाजाचं नावही कुणी काढत नाही. जहाजाचं काय, ते ठरलेलं. २०१६ साली जर्मनीत बांधून झालेलं, ३३५ मीटर लांबीचं ‘गेंटिंग ड्रीम’. मरीना बे क्रूझ सेंटरवरून निघायचं, मलाक्काच्या सामुद्रधुनीत फिरून यायचं. शाकाहारी जेवण मिळतं याची खात्री टूर कंपनीने तीनदा करून दिलेली असते. मग उरतं एकच. विमानात कोण कुठे बसणार?

अशा प्रत्येक ग्रुपमध्ये डोंबिवलीचे एक काका असतात. बँकेतून निवृत्त, वय ६८, उजवा गुडघा कुरकुरणारा. त्यांनी विमानातल्या बैठकांचा नकाशा छापून आणलेला असतो. सीटचं ‘पिच’ म्हणजे पाय पसरायची जागा, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ते आपल्या सीटवरच्या एका बिंदूपासून पुढच्या सीटवरच्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर, म्हणजे पुढच्याच्या पाठीची गादीही त्यातच आली. स्वस्तातल्या विमानांत हे अंतर २८-२९ इंच, मोठ्या कंपन्यांकडे ३१-३२. काकांनी शिलाई मशीनच्या खणातली टेप काढली, काकूंना खुर्चीत बसवलं, समोर कपाट सरकवलं आणि ‘हलू नकोस’ म्हणून मापं घेतली. २९ इंचांत काकू मावल्या. पण हातातली चहाची कपबशी काही मावेना.

लांबीचं हे असं, रुंदीचं आणखी वेगळं. इकॉनॉमीतली सीट साधारण १७ ते १८ इंच. बोइंग ७७७ हे विमान १९९५ मध्ये प्रवासी सेवेत आलं तेव्हा बहुतेक कंपन्या त्यात एका ओळीत ९ माणसं बसवत. पुढे अनेकांनी १० बसवायला सुरुवात केली. विमान तेवढंच राहिलं, दहावा माणूस इतर नऊ जणांच्या बुडाखालून काढला. मुंबईच्या लोकलमध्ये चौथी सीट अशीच निघते, फक्त तिथे तिचं आगाऊ बुकिंग होत नाही.

तेव्हा काकांनी ठरवलं, इमर्जन्सी दरवाजाजवळची रांगच घ्यायची. पाय सरळ करता येतात, जादा पैसे पडले तरी चालतील. पैसे भरले. आणि त्याच बुकिंगमध्ये गुडघ्यासाठी व्हीलचेअरही मागितली! मुंबई विमानतळावर टर्मिनल २ च्या काउंटरवर हे दोन अर्ज एकाच स्क्रीनवर शेजारी शेजारी उमटले. त्या रांगेत बसणाऱ्याने वेळ पडल्यास दरवाजा उघडायचा असतो. एअरबस ए-३२० मधला पंखावरचा असा दरवाजा सुमारे १५ किलोचा असतो, उचलून बाजूला करावा लागतो. काउंटरवरच्या मुलीने अगदी गोड आवाजात विचारलं, “काका, दार उघडायला जमेल ना?” काका म्हणाले, “न जमायला काय झालं?” आणि हे त्यांनी व्हीलचेअरवर बसून सांगितलं.

सीट गेली. मागोमाग पैशांचं काय, हा प्रश्न आला. तो टूर मॅनेजरच्या गळ्यात पडला.

ठाण्याच्या मावशी हुशार. त्यांनी सगळ्यात पुढची, भिंतीसमोरची सीट धरली होती. पुढे कुणी नाही, म्हणजे कुणी पाठ मागे टाकून आपल्या मांडीवर येणार नाही. बसल्यावर हिशेब उलगडला. समोर सीट नाही म्हणून खाली ठेवायला जागा नाही, टेकऑफला पर्सही वरच्या कप्प्यात. जेवणाचं टेबल हाताच्या दांडीत घडी करून ठेवलेलं, म्हणून दांडी जाड, वर उचलता न येणारी, आणि बैठक तेवढीच अरुंद. आणि त्याच भिंतीला तान्ह्या बाळांचा पाळणा अडकवतात. म्हणजे विमानातलं एखादं तान्हं असेल तर ते शेजारीच. पहाटे तीन वाजता मावशी त्याला अंगाई म्हणत होत्या. बाळाची आई गाढ झोपली होती.

काकूंना खिडकी हवी होती आणि यात त्या चुकल्या नाहीत. रात्री निघालेलं विमान आग्नेयेकडे जातं, म्हणजे पूर्व डाव्या हाताला येते; सिंगापूरला सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि तो ‘ए’ सीटच्या बाजूला दिसतो. मात्र खिडकीच्या नंबराला खिडकी असेलच असं नाही. बोइंग ७३७ च्या काही ओळींत वातानुकूलनाची नळी भिंतीतून जाते म्हणून तिथे खिडकीच काढलेली नाही, आणि माणूस पैसे भरून प्लॅस्टिकची भिंत बघत जातो. पंखावरची सीट घेतली तर फक्त पंख दिसतो. पण विमान हलतं तेव्हा तिथे सगळ्यात कमी जाणवतं, कारण वजनाचा मध्य तिथेच असतो. शेपटाकडे हेलकावे जास्त, शिवाय टॉयलेटची रांग कानाशी गप्पा मारत उभी.

काका शेवटी आइलला आले. येणारा-जाणारा कोपराला धडकतो, ट्रॉलीचा फटका गुडघ्याला, तोही उजव्याच. एक गोष्ट मात्र कुणीतरी त्यांना दाखवली: आइलकडची दांडी उचलत नाही असं वाटतं, पण बऱ्याच विमानांत बिजागरीजवळ खालून एक बारीकसा खटका असतो. तो दाबला की दांडी वर. काकांनी तो दाबला आणि पुढचा तासभर आसपासच्या सहा जणांना दाबून दाखवला.

जेवणाचा घोळ पार्ल्याच्या एका गृहस्थांनी घातला. खास जेवण २४ तास आधी सांगावं लागतं आणि ते सगळ्यांच्या आधी येतं, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून जैन नसूनही त्यांनी जैन थाळी मागवली. आली ती खरोखर सर्वांआधी. कांदा, लसूण, बटाटा यांच्याशिवाय. पाच मिनिटांत संपली. मग रिकामा ट्रे मांडीवर घेऊन, उठता न येता, अर्ध्या विमानाला वाटलेल्या बटाट्याच्या भाजीचा वास घेत ते पाऊण तास बसले.

केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ ठेवलेली असते. आपलं कळसूबाई ५,४०० फुटांचं, म्हणजे शिखराच्याही वर बसून ही मंडळी जेवतात. हवा कोरडी, घसा सुकतो, पाय सुजतात. घट्ट बूट घालून आलेल्यांचे बूट सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरताना पायात शिरेनात. विमान खाली येताना कान दुखतात ते हवेचा दाब वाढतो म्हणून. गिळलं की कानाची नळी उघडते. त्यासाठी काकूंनी च्युइंगम आणलं होतं. सिंगापूरने ते १९९२ पासून देशात आणायला बंदी केलीय हे कळल्यावर त्यांनी श्रीखंडाच्या गोळ्या वाटल्या. मग मावशींना आठवलं, खसखसही तिथे बंद! त्यांच्या डब्यात अनारसे होते. उतरायच्या आत सगळ्या रांगेने ते पुराव्यासकट संपवले.

हा सगळा खटाटोप जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशीचा होता, हे टूर कंपनीचं शहाणपण. विमान चार तास लेट होऊ शकतं, जहाज थांबत नाही. काकांचे थोरले बंधू भाऊच्या धक्क्यावरून पूर्वी सुटणाऱ्या पणजीच्या बोटीने गेलेले. त्यांचं म्हणणं, डेकवर सतरंजी टाकली की सीट झाली, एवढं काय निवडायचं? त्यांना कोणी ग्रुपवर घेतलं नव्हतं.

जहाजावर चढल्यावर सुरक्षेची माहिती सगळ्यांना सक्तीची. काका लाइफबोटीकडे निरखून बघत होते. आंतरराष्ट्रीय नियमांत तिच्यात बसायला माणशी रुंदी धरलेली असते ४३० मिलिमीटर. काकांनी मोबाइलवर भागाकार केला. १६.९ इंच.

“अगं, ही तर विमानापेक्षाही अरुंद!”

“अहो, पण नंबर निवडायचे पैसे वेगळे घेतात का,” काकू म्हणाल्या, “ते आधी विचारा.”